लिंबाजीनानांचं आजचं भाडं

रविवार, चौदा सप्टेंबर. दुपारचे चार. जागा: लिंबाजीनानांचा ओटा. हजर: स्वतः नाना, औषधांच्या दुकानाचे वैजनाथराव, त्यांची बायको मंदा, माझे यजमान (अर्धवट झोपेत, तरी हजर धरले) आणि मी. नानांच्या गयाकाकू हजर नव्हत्या. म्हणजे घर त्यांचंच, चहाही त्याच करत होत्या आणि ज्या सहलीची बैठक होती तिच्यात त्यांचंही नाव होतं. पण त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून बाहेर आल्या नाहीत, म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे मी फुली मारली.

विषय एकच. मुंबई ते गोवा आणि परत, जहाजाने, तीन मुक्काम. जायचं डिसेंबरात. तीन जोडपी, तीन खोल्या, तिन्ही बिनखिडकीच्या, कारण त्या सगळ्यात स्वस्त. आगाऊ रक्कम मी आदल्या दिवशी भरली होती. पावती वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर नाना म्हणाले,

"ते झालं. आता आजचं भाडं काय हाय ते सांगा."

"नाना, बुकिंग कालच झालंय."

"कालचं झालं. मी आजचं इचारतोय, ताई."

इथे बैठक बाजूला ठेवून नानांची ओळख करून देणं भाग आहे.

माणसं वस्तू घेण्याआधी भाव विचारतात. नाना घेतल्यानंतर विचारतात. आधी विचारतच नाहीत असं नाही, पण तो आपला शिष्टाचार म्हणून. खरी चौकशी पिशवी घरी पोचल्यावर सुरू होते. "घेतल्यावर भाव कळतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. बीडच्या बाजारातून त्यांनी एकदा कुकर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेले आणि कुकर केवढ्याला म्हणून विचारलं. मात्र ओळखू येऊ नये म्हणून डोक्यावरची पांढरी टोपी काढून खिशात ठेवली होती. टोपी काढली की आपण कुणाला ओळखू येत नाही, अशी नानांची पक्की समजूत आहे. दुकानदार म्हणाला, "नाना, टोपी इसरलात की काय घरी?" नाना तसेच परत आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा बिनटोपीचे. अखेर दुकानदाराने कंटाळून एक चाळणी फुकट दिली. ती चाळणी आजही त्यांच्या स्वयंपाकघरात दर्शनी खिळ्याला टांगलेली आहे.

मुलीचं लग्न झाल्यावरसुद्धा चार महिने ते वधूवर मेळाव्यांना जात होते. वैजनाथराव म्हणाले, "बे लिंबाजी, तुझी पोरगी नांदायला गेली ना?" नाना म्हणाले, "गेली. जावई बी चांगलाच हाय. पर बाजारात सध्या काय चाललंय ते कळाया नको?"

आता गंमत अशी की हा माणूस एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. म्हणजे जगातली ही अशी एकच नोकरी, जिथे भाव कमी करून मागायची सोय नाही. कुणी घासाघीस केलीच तर नाना टोपीला हात लावून सांगत, "भाडं माझ्या बापाचं न्हाई. तिकीट फाडलं की फाडलं." एकतीस वर्षं स्वतः घासाघीस करू दिली नाही, ती सगळी साठत गेली आणि निवृत्तीनंतर एकदम बाहेर आली, असं माझं मत आहे. यजमानांचं मत वेगळं आहे, पण ते विचारलं तेव्हा झोपले होते.

नोकरी सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. रिक्षात बसले की बाहेरच्या पत्र्यावर बोटाने दोनदा टकटक करतात, त्याशिवाय रिक्षा हलता कामा नये. कुणाच्या घरून निघताना दारावर दोनदा टकटक. पंगतीत "पुढं सरका, मागं मोकळं हाय". चार माणसं जमली की ओठ हलवत डोकी मोजतात आणि हिशेब जुळला की मान डोलावतात. वसाहतीतले एक वयोवृद्ध गृहस्थ वारले, तेव्हा खांदेकऱ्यांना त्यांनी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून इतकं हाकललं की अंत्ययात्रा ठरल्यापेक्षा बरीच आधी पोचली आणि गुरुजींची वाट बघत सगळे उभे राहिले.

आणि गयाकाकू? त्यांची ओळख एका ओळीची: त्यांना गाडी लागते.

गाडी पुष्कळांना लागते. पण काकूंना लागायला गाडी सुरू व्हावी लागत नाही. दाराशी जीप येऊन उभी राहिली की त्यांचा चेहरा पांढरा पडतो. लहानपणी आईबापांबरोबर त्या ऊसतोडीला जायच्या, ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून, तेव्हापासूनचं हे. लग्न झालं तेव्हा नवरा कंडक्टर मिळाला म्हणून माहेरच्यांनी पेढे वाटले होते, आता पोरगी फुकटात हिंडेल म्हणून. पोरगी कुठेही गेली नाही. नाना रोज दोनशे मैल हिंडून येत आणि काकू अंगणापर्यंत. म्हणूनच नानांनी जहाजाच्या यादीत दोन नावं सांगितली तेव्हा मी तीनदा विचारून घेतलं.

"टाका नाव," नाना म्हणाले. "रद्द करायची तारीख हाय ना पुढं?"

तेवढ्यात चहा बाहेर आला. काकूंनी उंबऱ्याच्या आतूनच कप पुढे सरकवता सरकवता माझ्याकडे बघून सांगितलं, "ताई, माझं नाव खोडा. त्यांलाच पाठवा. मी जहाजात गेली तर जहाज माघारी आणावं लागंल."

नाव मी खोडलं नाही. पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं. यादीत प्रश्नचिन्ह असणं मला आवडत नाही, पण इलाज नव्हता.

आता नियमांबद्दल. बुकिंगच्या अटी मी छापून घेतल्या होत्या. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अधीक्षक आहे. अटी वाचणं हा माझा धंदाच आहे. सतराव्या कलमात लिहिलं होतं की उरलेली रक्कम भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत, म्हणजे दहा नोव्हेंबरपर्यंत, तीच खोली कमी भाड्यात मिळू लागली तर ग्राहकाने तसं कळवावं, भाडं कमी करून दिलं जाईल. कंपनी स्वतः कळवणार नाही. आपण लक्ष ठेवायचं, आपण मागायचं. तारीख उलटली की काही नाही. रद्द करायचं असेल तरी तारीख तीच.

हे मी बैठकीत वाचून दाखवायला नको होतं. नाना ताडकन उठून बसले. घेतल्यानंतर भाव विचारा असं खुद्द विकणाराच लिहून देतोय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. "परत वाचा," म्हणाले. मी परत वाचलं. "आता सावकाश वाचा," म्हणाले.

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी कंपनीला पहिला फोन लावला. माझ्या कार्यालयातून, माझ्या टेबलावर बसून, आवाज मोठा करून. पलीकडे निकिता नावाची मुलगी होती.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"पोरी, मी बीडहून लिंबाजी बोलतोय. मुंबई ते गोवा टप्पे किती?"

"सॉरी सर?"

"टप्पे, टप्पे. सहा किलोमीटरचा एक टप्पा. भाडं टप्प्यावर असतंय ना?"

"नाही सर, भाडं खोलीवर असतं."

"म्हंजे जहाज कुटंबी गेलं तरी भाडं तेच?"

"तसं नाही, सर..."

"बरं, ऱ्हाऊ दे. बायांला अर्धं तिकीट हाय का?"

"नाही सर. सगळ्यांना सारखंच."

"कावून? आमच्या एसटीत हाय. बाई पाण्यावर गेली म्हंजे बाप्या व्हती का?"

आमचा शिपाई फाईल तोंडाशी धरून बाहेर गेला. निकिता मात्र हसली नाही. तिने शांतपणे सांगितलं की ज्येष्ठांसाठी अधूनमधून सवलत येते, पण नक्की सांगता येत नाही, कारण भाडं रोज बदलतं.

"रोज?" नानांनी विचारलं. आवाज एकदम मऊ झाला होता. "रोज बदलतं म्हणती? बरं बाई. मंग उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी केला. तिसऱ्या दिवशी केला. रोज दहा पाचला. आठवड्याभरात मी त्यांना घरूनच फोन करायला शिकवलं, कारण लेखनिक काम सोडून ऐकत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात फोन उचलताच निकिता स्वतःच सांगायला लागली, "नमस्कार नाना, आज कालचंच आहे." नाना तिला बीडमधलं पाऊसपाणी सांगत. ती एक दिवस सुट्टीवर होती, तर तिच्या जागेवरच्या मुलाला नानांनी भाडं विचारलंच नाही. तिची तब्येत विचारून फोन ठेवला.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा ऐकूनही न ऐकल्यासारखी केली. आमच्या खोलीचं भाडं विचारून झालं की नाना रोज आणखी एक प्रश्न करत. "आन् खिडकीवालीचं?"

वैजनाथराव चिडवायचे, "बे, खिडकी कशाला पायजे तुला? पाणीच बघायचं तर न्हाणीत बघ."

"तू गप बस," नाना म्हणायचे. "तुला गोळ्याच्या पाकिटावरचा भाव बी वाचता येत न्हाई."

दुसरी एक गोष्ट माझ्या वहीत आहे, पण तिचाही अर्थ मी लावला नव्हता. दर गुरुवारी सकाळी नानांच्या दाराला कुलूप दिसायचं. दोघंही घरी नसत. विचारलं तर नाना म्हणत, "पाव्हण्याकडं गेलतो." सणाच्या वर्गणीसाठी दोन गुरुवार माझी फेरी वाया गेली, तेव्हा मी लिहून ठेवलं: नाना, गुरुवार सोडून.

दिवाळी झाली आणि भाडं उतरलं.

नाना महाविद्यालयात आले ते जवळजवळ पळत. खिडकीच्या गजावर दोनदा टकटक केली. "ताई! उतरलं!" मी संगणकावर पाहिलं. आमच्या बिनखिडकीच्या खोलीचं भाडं खरंच बरंच खाली आलं होतं. मी पडद्याचं चित्र काढलं, सतराव्या कलमाचा हवाला देऊन अर्ज लिहिला, तारीख टाकली. दोन दिवसांत कंपनीचं उत्तर आलं: मान्य.

वैजनाथरावांनी वसाहतीत पेढे वाटले, नानांच्या नावाने. पेढे वाटून झाल्यावर मी बारीक अक्षरातला मजकूर वाचला. नव्या भाड्यात जुन्या भाड्याबरोबर मिळालेली एक फुकट गोष्ट गळली होती, ती म्हणजे जहाजावर पाय चेपून घेण्याची सोय. मंदा दीड महिना त्या पाय चेपण्याच्या आशेवर होती. तिने वैजनाथरावांना विचारलं, "वाचल्या पैशात आता माझे पाय कोन चेपनार?" प्रश्नाचं उत्तर वैजनाथरावांना रोज रात्री द्यावं लागलं, असं ऐकिवात आहे.

पण मुद्दा वेगळाच होता. अर्ज मी तिन्ही खोल्यांचा लिहिला होता. तो पाठवणार तोच नानांनी आपल्या खोलीचा कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

"आमचं ऱ्हाऊ द्या. मी थांबतो."

"नाना, भाडं उतरलंय. तुम्हीच उतरवलंत."

"थांबतो म्हणलं ना."

"आणि पुन्हा चढलं तर?"

"चढू द्या की."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लिंबाजीनानांसमोर उतरलेला भाव उभा होता आणि ते त्याला ओळख देत नव्हते. संध्याकाळी ओट्यावर वैजनाथराव म्हणाले की याला आता डॉक्टरकडे न्यायला हवं. माझे यजमान डोळे न उघडता म्हणाले, "असेल काहीतरी." आमच्यात सगळ्यात बरोबर तेच होते, हे मला नाइलाजाने नोंदवावं लागतंय.

नोव्हेंबर उजाडला. मी रोज आठवण करायला लागले. नाना, दहा तारीख. नाना, सहा दिवस. नाना, काकूंचं प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. नाव ठेवायचं का खोडायचं? ठेवायचं असेल तर उरलेले पैसे भरा, खोडायचं असेल तर दहाच्या आत खोडा, नाहीतर सगळेच बुडतील. नाना मान डोलवत आणि दहा पाचला फोन लावत. आठ तारखेला त्यांनी पहिल्यांदाच माझ्याजवळ कबूल केलं, "खिडकीवालीचं उतरंना, ताई. लई अडून बसलंय."

दहा तारखेला ते दिवसभर दिसले नाहीत. संध्याकाळी स्वच्छ धुतलेली टोपी घालून वसाहतभर फिरले.

"मिळाली," प्रत्येक दाराशी सांगत होते. "खिडकीवाली. मधल्या अंगाची. त्याच भाड्यात!"

एकच गदारोळ झाला. आम्ही थोडे पैसे वाचवून अंधाऱ्या खोल्यांत बसणार आणि नाना एक पैसा जास्त न देता खिडकीत! मंदाने वैजनाथरावांशी बोलणं बंद केलं. दोनतीन तरुण मंडळी नानांकडे युक्ती विचारायला आली. नाना म्हणाले, "थांबता आलं पायजे."

काकू उंबऱ्याच्या आत उभ्या राहून हे ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर जे होतं त्याला कौतुक म्हणतात. मग त्या मला म्हणाल्या, "ताई, ते तुमचं वाकडं चिन्ह काढून टाका. मी येती."

मी खोडरबर घरी विसरले होते, म्हणून तेवढ्यासाठी घरी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीची पावती आली. तिन्ही बुकिंगची पत्रं माझ्या ईमेलवर येतात, कारण नानांचा ईमेलवर विश्वास नाही. पावती मी वाचली. मग चष्मा पुसून वाचली. मग जुनी पावती शेजारी ठेवून वाचली. खिडकीवाल्या खोलीचं भाडं काही उतरलेलं नव्हतं. नानांनी फरक भरला होता. तोही थोडाथोडका नव्हे. त्यांच्या निवृत्तिवेतनाकडे पाहिलं तर चांगलाच जाणवेल असा.

कागद घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेले. नाना एकटेच होते, मांडीवर एक जाड वही होती. मी म्हणाले, "नाना, ही पावती..."

"हळू," ते म्हणाले. "आत हाय ती."

"तुम्ही तर सगळ्यांना सांगितलंत..."

"त्यांला सांगितलं म्हंजे तिला ऐकू गेलं. तिला ऐकू जावं म्हणून गावाला सांगितलं." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "निकितानं सांगितलं, ताई. बंद खोलीत बसलं की लागतंय. मधल्या अंगाला जहाज कमी हलतंय. खिडकीतून लांबचं पाणी बघत बसलं की पोटात ढवळत न्हाई. तिच्या आजीला बी लागायचं म्हणं."

"मग पहिल्याच दिवशी खिडकीवाली घ्यायची."

"घितली असती. पर आपल्यापायी जास्तीचं भरलं हे हिला कळलं असतं, तर ही आली असती का? ह्या जल्मात न्हाई. म्हणलं, उतरंल कवा तरी. न्हाई उतरलं. मंग काय." मांडीवरची वही त्यांनी बंद केली, पण मी यादीवाली बाई आहे, रकाने दिसले की माझी नजर जाते. त्यांनी माझी नजर पाहिली आणि वही पुढे केली.

वहीत कंडक्टरच्या कागदासारखे रकाने आखलेले होते. भाडं रोजचं असेल असं मला वाटलं. भाडं होतंच, पण डाव्या पानांवर, आणि चार ओळीत उरकलेलं. उजव्या पानांवर गुरुवार होते.

गुरुवार. उभ्या बसमध्ये पाच मिनटं. उतरली.

गुरुवार. पाली. पुढची शीट. उलटी न्हाई.

गुरुवार. पाली. मधली शीट. उलटी न्हाई. परत येताना गप होती.

गुरुवार. नेकनूर. पुढची शीट. बरी. चहा घितला.

गुरुवार. नेकनूर. बरी. हासली.

पाली बीडपासून जवळ, नेकनूर त्याहून लांब. पहिली सोडून प्रत्येक ओळीशेजारी टाचणीने एसटीची तिकिटं लावलेली. त्यांचं ज्येष्ठाचं अर्धं, काकूंचं बाईमाणसाचं अर्धं.

"दोघांचं मिळून एकच तिकीट बसतंय," नाना म्हणाले. "ह्या गुरुवारी परत नेकनूर, पुढच्या गुरुवारी तलवाडा करायचं, अजून लांबचं. मंग मुंबई म्हंजे काय, टप्पेच की. एकदम मोजले तर लई वाटतेत."

मी विचारलं, "हे आधी का नाही केलंत, नाना? नोकरीत असताना?"

त्यांनी वहीचा कोपरा सरळ केला. "नोकरीत रोज शंभर माणसं उलट्या करायची माझ्या गाडीत. वाळू टाकायची आन् पुढं जायचं. घरी आल्यावर तेच कोन करनार, असं वाटायचं तवा." मग त्यांनी विषय बदलला. "पावती तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आन् आजचं भाडं काय झालंय त्या खोलीचं, तेवढं बघून ठिवा."

"नाना, तारीख उलटली."

"बघून ठिवा. मागनार न्हाई. फकस्त कळाया पायजे."

पावती मी माझ्या धारिकेत लावली, उलटी.

काल सकाळी गयाकाकू विरजणासाठी आल्या. वाटी हातात घेऊन त्या दारातच घुटमळल्या.

"ताई, त्या जहाजात न्हाणी खोलीच्या आतच असती ना?"

"हो. प्रत्येक खोलीला."

"आन् आतून कडी?"

"असते की."

"मंग जमतंय," त्या म्हणाल्या आणि सुटल्यासारख्या हसल्या.

मी त्यांना आत बसवलं. विरजण फडताळावर ठेवलं. एक तर त्या कधी बसत नाहीत, आणि बसल्या तर काहीतरी असतं.

"पालीपस्तोर खरंच बरं असतंय, माय. तेवढं खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर नेकनूरला मी काय करती, गाडी थांबली की पयल्यांदा बायांच्या मुतारीत जाती. तितं ह्यांला येता येत न्हाई. सगळं व्हतंय तितं. मंग तोंड धुती, पदरानं पुसती, लवंग टाकती तोंडात आन् हासत भाईर येती. हे दोन चहा घिऊन हुबे असतेत, कपावर बशी झाकून. मला बघितलं की वही काढतेत. ती वही लिव्हताना त्यांचं तोंड बघा तुमी एकदा."

"काकू, मग तीन दिवस जहाजात कशा काढाल? अजून सांगा त्यांना. चार लोक हसतील, दोन दिवस हसतील."

"कावून सांगू?" काकू माझ्याकडे असं बघत होत्या की मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले. "अवो, त्यांनी त्याच भाड्यात खिडकी आणली. सगळ्या वसाहतीत कुनाला जमलं न्हाई ते. आन् आता मी येत न्हाई म्हणू?"

मी धारिकेकडे बघितलं नाही. महाविद्यालयात वीस वर्षं गोपनीय अहवाल सांभाळलेत, एवढं मला येतं.

"समुद्र बघायचाय मला," त्या उठता उठता म्हणाल्या. "लागलं तर लागलं. कडी हाय ना." आणि जाताना, नवऱ्याची इतक्या वर्षांची सवय लागलेली, माझ्या चौकटीवर बोटाने दोनदा टकटक करून गेल्या. विरजण विसरल्या, ते मी नंतर नेऊन दिलं.

तर सहलीची यादी आता अशी. ओळखपत्रांच्या प्रती: झाल्या. मुंबईची बस, पुढच्या दोन जागा काकूंच्या नावाने: झाल्या. आल्याच्या वड्या: मंदा करणार. पाय चेपण्याबद्दल कंपनीला विनंतीपत्र: लिहिलं. सगळ्यांपुढे खूण आहे, एक सोडून.

कागदी पिशव्या, जाड, आतून मेणाच्या, पदरात मावतील अशा. दोन डझन. नानांना न कळता.

पिशव्या वैजनाथरावांच्या दुकानात मिळतात. पण ते विचारणार, कुणाला आणि कशाला, आणि विचारून झालं की संध्याकाळी ओट्यावर सांगणार. दुसऱ्या दुकानातून घेतल्या तर आपलं दुकान सोडून तिकडे का गेलात म्हणून तेच विचारणार. आज मंगळवार. तलवाड्याची गाडी गुरुवारी सकाळी आठची आहे.